चमच्याच्या हातात अंजीर!

साहेबांच्या खांद्यावरचा दोरा हळूच उचलायचा. साहेब बोलायला लागले की बाकीच्यांना 'शूऽऽ' करून गप्प करायचं. त्यांनी पांचट विनोद केला की हसू आवरतच नाही असं दाखवत कपड्याचा बोळा तोंडात कोंबायचा. ओळखलंत ना या प्राण्याला? तुमच्याच ऑफिसात आहे, खिडकीजवळच्या टेबलावर बसतो.

चूक! हे महाशय अथेन्सचे. वय साधारण 2300 वर्षं फक्त!

अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांचे तीस नमुने रंगवणारं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात दुसऱ्याच नंबरला हा खुशमस्कऱ्या हजर आहे. त्याचा एक डायलॉग तर ऑल टाइम हिट. साहेबांच्या दाढीत अडकलेली काडी काढतो आणि म्हणतो, बघा, दोन दिवस आपली भेट नाही, तर लगेच दाढी पिकली! आणि पुढच्याच दमात, एरवी या वयात इतके काळेभोर केस आहेत कुणाचे? एका काडीत दोन मस्के. मानलं बुवा.

अशा माणसाला इंग्रजीत एक झोकदार शब्द आहे, सिकोफंट. सायको नव्हे, एलिफंट तर नव्हेच नव्हे. पण या शब्दाचा मूळ अर्थ काय, माहीत आहे का?

'अंजीर दाखवणारा'!

हो, अंजीरच. ग्रीकमध्ये 'सिकॉन' म्हणजे अंजीर आणि 'फाइनेन' म्हणजे दाखवणं, उजेडात आणणं. या 'फाइनेन'चं गोत मोठं आहे हं. फिनॉमिनन त्यातला, फँटसी त्यातली, फँटम म्हणजे भूत तेही त्यातलंच. आणि सेलोफेनसुद्धा! सेलोफेन म्हणजे पलीकडचं दाखवणारा तो चकचकीत पारदर्शक कागद. म्हणजे वाढदिवसाला साहेबांना बुके देणारा माणूस आणि त्या बुकेवर गुंडाळलेला कागद हे शब्दाच्या नात्याने चुलतभाऊ निघाले. कुळाचार सांभाळताहेत बिचारे.

आता खरा ट्विस्ट. मघाच्या त्या दाढीतली काडी काढणाऱ्याला अथेन्समध्ये कुणीही सिकोफंट म्हणत नसे! त्याला ग्रीकमध्ये शब्द होता 'कोलॅक्स'. मग सिकोफंट कोण? तर ज्याला बघून अख्खं अथेन्स टरकायचं तो. गोड बोलणारा नाही, केस ठोकणारा.

माहीत आहे का, लोकशाहीच्या जन्मगावात सरकारी वकील हा प्रकारच नव्हता? सार्वजनिक गुन्ह्याबद्दल कोणताही नागरिक उठून कुणावरही खटला भरू शकायचा. काही प्रकारच्या तक्रारींमध्ये तर बक्षीसही होतं, दंडाची अर्धी रक्कम तक्रार करणाऱ्याच्या खिशात. कल्पना छानच. पण जिथे कमिशन, तिथे एजंट! ऊठसूट श्रीमंतांवर खटले भरणारे, खटल्याची धमकी देऊन पैसे उकळणारे, चुगल्या करून पोट भरणारे धंदेवाईक तयार झाले. त्यांना लोक म्हणायला लागले सिकोफंट.

सरकारनेही ब्रेक लावून पाहिला. खटला भरलात आणि ज्युरीची एक पंचमांश मतंही मिळाली नाहीत, तर दंड 1000 ड्रॅक्मा. कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक ड्रॅक्मा, म्हणजे हा दंड जवळजवळ तीन वर्षांच्या कमाईचा. तरी धंदा चालूच!

सॉक्रेटिसलाही हा विषय चुकला नाही. त्याचा श्रीमंत मित्र क्रायटो या लोकांमुळे जेरीस आला होता. सॉक्रेटिस म्हणाला, मेंढ्या राखायला कुत्रा पाळतोस ना? मग स्वतःला राखायला एक माणूस पाळ की! क्रायटोने आर्किडेमस नावाचा गरीब पण बोलण्यात पटाईत गृहस्थ गाठला. शेतातून धान्य, तेल, दारू आली की त्यातला वाटा त्याच्या घरी पोचवायला सुरुवात केली. आर्किडेमसने काय करावं? सिकोफंटांचीच लफडी शोधून त्यांच्यावर उलट खटले भरले! हा किस्सा झेनोफोनने लिहून ठेवलाय. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच.

पण यात अंजीर कुठून टपकलं?

प्राचीन लोकांचं उत्तर असं, की एकेकाळी अथेन्समधून अंजीर बाहेर नेऊन विकायला बंदी होती. चोरून नेणाऱ्याला जो उघडा पाडी, तो अंजीर दाखवणारा. चरित्रकार प्लूटार्कने सोलोनच्या चरित्रात ही गोष्ट सांगितली आहे, पण सांगताना त्याचा सूर 'अगदीच अशक्य नाही' एवढाच. आणि हे लिहिताना सोलोनला जाऊन सहाशेहून जास्त वर्षं झाली होती! व्हॉट्सॲप फॉरवर्ड तेव्हाही होतेच, फक्त स्पीड कमी.

दुसरी थिअरी जरा खट्याळ आहे. मूठ वळा. अंगठा पहिल्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर काढा. झालं अंजीर! भूमध्य समुद्राच्या आसपास ही खूण फार जुनी आणि फार अश्लील. अंजीर दाखवणं म्हणजे बोटांनी शिवी हासडणं, आणि तक्रारखोर माणूस दुसऱ्याला असंच हिणवतो म्हणून तो सिकोफंट, असं काही अभ्यासकांना वाटतं.

आता मूठ पुन्हा नीट बघा. ओळखीची वाटते? लहान मुलाचं नाक चिमटीत धरून 'पळवलं, पळवलं, नाक पळवलं!' म्हणताना आपण हीच मूठ दाखवतो! आपल्याकडे बाळ खिदळतं. ब्राझीलमध्ये याच मुठीचा ताईत गळ्यात घालतात, नशीब उघडावं म्हणून. तुर्कस्तानात मात्र चुकूनही कुणाचं नाक पळवू नका, तुमचं स्वतःचं जाग्यावर राहायचं नाही.

बरं, मग भुंकणारा चाटायला कधी लागला? सिकोफंट हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ चुगलखोर असाच होता. ते शतक संपण्याआधीच तो लाचार स्तुतिपाठक होऊन बसला. मला विचाराल तर यू-टर्न वगैरे काही झालेला नाही. साहेबांच्या कानाशी लागून दुसऱ्याची चहाडी करणारा आणि त्याच कानात साहेबांची आरती ओवाळणारा, ही दोन माणसं असतात कधी? शिफ्ट बदलते, कामगार तोच.

माहीत आहे का, ग्रीसमध्ये आजही हा शब्द चाटायला तयार नाही? आधुनिक ग्रीकमध्ये 'सिकोफांतिस' म्हणजे खोटी बदनामी करणारा, आणि तिथल्या फौजदारी कायद्यात बदनामीच्या गुन्ह्याच्या नावात हा शब्द बसलेला आहे. फ्रेंचमध्येही 'सिकोफांत' म्हणजे चुगलखोरच. लोणी लावलं ते फक्त इंग्रजांनी.

अंजिराचा विषय निघालाच आहे तर एक घास आणखी. अंजिराला फूल नसतं असं वाटतं ना? असतं. शेकडो असतात, पण सगळी आत! आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर फुलांनी भरलेली बंद पिशवी. वनस्पतिशास्त्रात तिला म्हणतात सायकोनियम. सिकोफंटमधलं 'सिकॉन'च ते. आपल्या उंबराचंही तसंच, तो अंजिराचा सख्खा नातेवाईक. म्हणून तर क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो.

आणि अंजिराच्या पिशवीत शिरणाऱ्या चिमुकल्या माश्यांबद्दल हजारो वर्षांपूर्वी कुणी लिहून ठेवलं होतं, माहीत आहे का? थिओफ्रास्टसने! तोच तो, दाढीतल्या काडीवाला. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. अंजीर आणि चमचे, दोन्ही विषयांत एक्स्पर्ट.

फ्रेंच 'फ्वा' म्हणजे काळीज, हा शब्दही अंजिरातून आलाय. रोमन लोक प्राण्यांना अंजीर चारून त्यांचं काळीज चविष्ट करत, त्यावरून. असो. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये जीआय टॅग मिळाला आहे, सीझनला खा. साहेबांना द्यायचे असतील तर पेटी नेताना कुणाला दाखवू नका.

चला, अंजिरावरून बेडकावर उडी!

इंग्रजीत चमच्याला 'टोडी' असंही म्हणतात. हे 'टोड-ईटर'चं लघुरूप, म्हणजे 'भेक खाणारा'. सतराव्या शतकात इंग्लंडच्या बाजारांत भोंदू वैदू फिरायचे. त्यांच्यासोबत एक पोऱ्या असे. टोड म्हणजे तो खरबरीत अंगाचा भेक विषारी समजला जाई. पोऱ्याने गर्दीसमोर भेक खायचा, निदान खाल्ल्याचं नाटक करायचं, तडफडून जमिनीवर पडायचं, आणि मग वैदूच्या औषधाचा एक घोट घेऊन टुणकन उठायचं! बाटल्या धडाधड विकल्या जायच्या. मालकासाठी वाट्टेल ते गिळणारा तो टोडी. पुढे श्रीमंत बाईंच्या घरी सोबतीला राहून त्यांचे टोमणे निमूट गिळणाऱ्या गरीब नातेवाईक बायकांनाही हाच शब्द लावायचे. त्यांच्याबद्दल मात्र हसू येत नाही.

पुढचा शब्द जेवताना वाचू नका. 'लिकस्पिटल', थुंकी चाटणारा. मराठीत आपण थुंकी झेलतो, इंग्रज एक पायरी पुढे गेले. वाटेल की ही नुसती अतिशयोक्ती. छे! सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याच्या दरबाऱ्यांबद्दल अथेनियस नावाच्या लेखकाने नोंदवलंय, की तो थुंकायला लागला की हे तोंड पुढे करायचे, आणि वर म्हणायचे, मधापेक्षा गोड! याच राजाची नजर कमजोर होती, तर सगळा दरबार जेवताना ताटं चाचपडायचा. कुणालाच काही दिसत नाही असं नाटक! शेवटी राजाच त्यांचे हात धरून वाढलेल्या पदार्थांवर ठेवायचा.

मॅसिडोनियाच्या फिलिपचा चमचा क्लिसोफस तर मेथड ॲक्टरच. लढाईत फिलिपचा एक डोळा गेला, हा डोळ्याला पट्टी बांधून हजर. फिलिपच्या पायाला जखम झाली, हा लंगडत हजर. फिलिपने आंबट खाल्लं की तोंड याचं वाकडं. ऑस्कर द्यायचा का याला?

ऑस्करवरून आठवलं. 2020 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो कोरियन 'पॅरासाइट'. पॅरासाइट, म्हणजे परोपजीवी, हा आधी जंतासाठी वापरलेला शब्द की माणसासाठी? माणसासाठी! ग्रीक 'पॅरासितोस' म्हणजे शेजारी बसून जेवणारा. सुरुवातीला तो मानाचा शब्द होता, देवळातल्या प्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्या मंडळींसाठी. मग नाटकांत स्तुती करून फुकट जेवणारं एक पात्र आलं आणि शब्दाची अब्रू गेली. जंत, उवा, गोचीड यांना हे नाव मिळालं ते कितीतरी शतकांनी. बिचाऱ्या गोचिडांनी तक्रार करायला हवी होती. अथेन्समध्ये केस ठोकता आली असती!

कुणाची मर्जी संपादन करणं याला इंग्रजीत म्हणतात 'करी फेव्हर'. यात रस्सा शोधू नका. ही करी म्हणजे घोड्याला करतात तो खरारा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये 'फोव्हेल' नावाच्या घोड्यावर एक लांबलचक विडंबनकाव्य गाजलं. नशिबाने या घोड्याला तबेल्यातून थेट राजवाड्यात आणून ठेवलं आणि राजापासून पोपपर्यंत सगळे त्याला खरारा करायला लायनीत उभे! त्याच्या फ्रेंच नावातली सहा अक्षरं म्हणजे सहा दुर्गुणांची आद्याक्षरं, आणि पहिलं अक्षर कशाचं? खुशामतीचं. इंग्रजांनी 'करी फेव्हेल' उचललं, पण घोडा विसरले आणि फेव्हेलचं फेव्हर करून टाकलं. घोडा गेला, खरारा राहिला.

घोड्यावरून कुत्र्यावर. इंग्रजी क्रियापद 'फॉन' म्हणजे लाचारी करणं, आणि मध्ययुगीन इंग्रजीत ते शेपूट हलवत लाडात येणाऱ्या कुत्र्यासाठी वापरत. आपला भारदस्त शब्द कोणता? लांगूलचालन! लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणं. घरगुती शब्द गोंडा घोळणं, तीही शेपटीचीच करामत. इंग्लंड आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये हजारो मैल, पण शेपूट एकच! नीतिशतकात भर्तृहरीने कुत्रा आणि हत्ती समोरासमोर ठेवलेत. कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, पोट दाखवतो. हत्ती गंभीरपणे नुसता बघतो आणि शंभरदा विनवल्यावर कुठे जेवतो. बघा, सिकोफंट आणि एलिफंट वेगळे हे भर्तृहरीलाही ठाऊक होतं.

शेक्सपियरच्या डोक्यातही हीच गडबड होती. कॅरोलाइन स्पर्जन या अभ्यासिकेने 1935 मध्ये त्याच्या प्रतिमांचं पुस्तकच काढलं. खुशामतखोर आला की शेक्सपियरला कुत्रा, चाटणं आणि विरघळणारी मिठाई हे सगळं एकदम आठवायचं, असं तिच्या लक्षात आलं.

आता टाळ्या! पण विकतच्या.

सम्राट नीरोला गाण्याची भारी हौस. त्याच्या कार्यक्रमांना 5000 हून जास्त धट्टेकट्टे तरुण टाळ्यांसाठी नेमलेले होते आणि त्यांना रीतसर ट्रेनिंग असे. टाळ्यांचे तीन प्रकार होते. मधमाश्यांसारखी गुणगुण, मग पोकळ पंजाची 'कौलं' आणि सपाट पंजाच्या 'विटा'. टोळीच्या म्होरक्यांना चार लाख सेस्टर्स मिळत. गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांची मेहनत जास्त!

पॅरिसवाल्यांनी त्याची एजन्सी काढली. 1820 मध्ये सोतों आणि पोर्शे या दोघांनी नाटकांना यश पुरवणारी कंपनीच उघडली. अख्ख्या फौजेचं नाव 'क्लाक'. त्यात डिपार्टमेंट किती! विनोदावर हसणारे वेगळे. रुमाल डोळ्यांना लावून रडणाऱ्या बायका वेगळ्या. 'वन्स मोअर' ओरडणारे वेगळे. आणि आधी नाटक पाठ करून शेजारच्या प्रेक्षकाला कोपराने ढोसत 'आता बघा, आता बघा' म्हणणारे वेगळे. आजचे पेड लाईक्स म्हणजे याच कंपनीची ऑनलाइन शाखा.

दान्तेला मात्र हे बिलकुल खपत नसे. त्याच्या नरकात खुनी सातव्या वर्तुळात आहेत आणि खुशमस्करे आठव्यात. खाली, म्हणजे अधिक पापी! तिथे ते कशात बुडालेत? विष्ठेत. आयुष्यभर तोंडातून जे बाहेर टाकलं, त्यातच.

मूड बदलूया. मस्का! फारसीत मस्का म्हणजे लोणी. इराण्याच्या हॉटेलात बन-मस्का मागवताना आपण फारसीच बोलत असतो. खुशमस्कऱ्यातला मस्का मात्र हा नव्हे. तो आला अरबी 'मसखरा'वरून, म्हणजे विदूषक. मस्करी त्याचीच. आणि पापण्यांना लावायचा मस्कारा? त्याचंही मूळ या विदूषकापाशीच असावं, असं बऱ्याच भाषातज्ज्ञांना वाटतं. हुजरेगिरी आली 'हुजूर'पासून. हुजूर म्हणजे समक्ष, आणि समक्ष उभा राहून सेवा करणारा तो हुजऱ्या. 'होयबा'ला तर कोशाचीही गरज नाही, दारात नंदीबैल येऊन मान हलवून अर्थ सांगून जातो.

चमचा हा शब्द सगळ्यांनीच हसण्यावारी नेला असं मात्र नाही. बहुजन नेते कांशीराम यांनी 24 सप्टेंबर 1982 रोजी, पुणे कराराला बरोबर 50 वर्षं होताना, 'द चमचा एज' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. चमचा स्वतःहून काम करत नाही, तो दुसऱ्याच्या हाताने चालतो, इथून त्यांची मांडणी सुरू होते. स्वयंपाकघरातली एवढीशी वस्तू, थेट राजकीय सिद्धांतात!

लेटेस्ट सिकोफंट कोण, माहीत आहे का? कॉम्प्युटर! स्टॅनफर्डच्या फॉग आणि नास यांनी 1997 मध्येच प्रयोग केला होता. त्यांचा कॉम्प्युटर लोकांची तारीफ करायचा. काहींना आधीच सांगून टाकलं होतं, की या तारफेचा तुमच्या कामगिरीशी काडीचा संबंध नाही. तरी मंडळी खूश! खऱ्या कौतुकाने जितकी फुलली, जवळपास तितकीच. पुढे एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक नवं अपडेट आणलं. ते इतकं गोडगोड बोलायला लागलं, की काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. कंपनीने स्वतः त्या रोगाचं नाव काय सांगितलं असेल? सिकोफन्सी. तुमचा प्रश्न किती सुंदर आहे, असं म्हणणार होतो, पण नको.

जाता जाता अथेन्सला एक चक्कर. इ.स.पू. 425 मध्ये ॲरिस्टोफेनीसच्या 'अकार्नियन्स' या प्रहसनाने पहिलं बक्षीस मारलं. त्यात बाजारात निकार्कस नावाचा सिकोफंट येतो. शत्रुराज्यातून आलेल्या मालावर त्याचा डोळा. दिव्याची साधी वातसुद्धा सोडत नाही. का? तर म्हणे ही वात किड्याला बांधून, पेटवून, वारा सुटलेला असताना गटारातून सोडली तर अख्खं आरमार जळेल! 'ब्रेकिंग न्यूज'वाल्यांनी शिकवणी लावावी असा माणूस.

शेजारच्या बिओशियाहून ईल मासे आणि पक्षी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला बदल्यात काहीतरी न्यायचं असतं. अट एकच, वस्तू त्याच्या गावात मिळत नसावी आणि अथेन्समध्ये भरपूर असावी. मासे? आहेत. मडकी? तीही आहेत. नायक क्षणभर विचार करतो आणि निकार्कसलाच धरतो. मग त्याला मडक्यासारखं गवतात गुंडाळतात, दोरीने आवळतात, उलटसुलट करून वाजवून बघतात आणि व्यापाऱ्याच्या गड्याच्या पाठीवर चढवतात.

अंजिरांच्या निर्यातीवर बंदी होती की नव्हती, यावर विद्वान अजून भांडताहेत. सिकोफंटची निर्यात मात्र तेव्हाच सुरू झाली होती. पॅकिंगसकट!